घाटावरचा नवा वतनदार : युरोपातील मक्तेदारी-नियंत्रणाचा धडा

काशीच्या दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेस, अहल्याबाई घाटाला लागून मुन्शी घाट आहे. नागपूरच्या भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला. पुढे १९१५ साली घाटावरचा वाडा दरभंग्याच्या राजघराण्याने विकत घेतला, आणि आज त्या वाड्यात उंची हॉटेल आहे. दगड तेच राहिले, मालक बदलले. मात्र गेल्या दोन दशकांत या घाटामागच्या गल्लीगल्लीतून वसुली करणारा जो नवा वतनदार उदयास आला आहे, तो येथील एकाही पायरीचा मालक नाही. त्याचा येथे वाडा नाही, खाट नाही, पाण्याची घागरही नाही. तरीही प्रवाशाने दिलेल्या भाड्यातील त्याचा वाटा आधी बाजूला काढावा लागतो. हा वतनदार म्हणजे ऑनलाइन आरक्षण कंपनी होय.

भांडवली अर्थपंडितांचा दावा असा की, या कंपन्यांनी दलाल नाहीसा केला. पूर्वी काशीच्या स्टेशनवर उतरणाऱ्या यात्रेकरूला दलालांचा गराडा पडे, आता तो घरबसल्या खोली निवडतो, हे खरे आहे. परंतु स्टेशनवरचे शंभर दलाल एकमेकांशी स्पर्धा करीत. एकाला नकार दिला तर दुसरा उभा असे. त्यांच्या जागी आता दोन-तीन महादलाल आले आहेत आणि त्यांना नकार देणे म्हणजे प्रवाशाच्या नजरेतूनच पुसले जाणे. दलाली संपली नाही. तिचे केंद्रीकरण झाले.

या केंद्रीकरणाचे यंत्र कसे चालते हे समजून घेतले पाहिजे. समजा, खोलीचे भाडे १,००० रुपये आणि कमिशन २० टक्के आहे. २०० रुपये कंपनीकडे जातात. लॉजमालकाच्या मनात येते की, थेट दारात येणाऱ्या प्रवाशाला तीच खोली ९०० रुपयांत द्यावी. प्रवाशाचे १०० रुपये वाचतील आणि आपल्यालाही १०० अधिक मिळतील. नेमके हेच रोखण्यासाठी कंपन्यांनी करारात किंमत-समानतेची अट घातली : आमच्या यादीतील दरापेक्षा कमी दर तुम्ही अन्यत्र लावता कामा नये. मालकाच्या स्वतःच्या खोलीचा दर ठरविण्याचा अधिकार अशा रीतीने परक्याच्या हाती जातो आणि स्पर्धा स्पर्धेच्याच नावाने बंद पडते.

या मक्तेदारीची सर्वांत प्रगत अवस्था पाहावयाची असेल तर युरोपकडे पाहावे लागेल. बुकिंग डॉट कॉम ही कंपनी १९९६ साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली. २००५ साली प्राइसलाइन या अमेरिकन कंपनीने ती सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. पुढे बटीकच मालकिणीपेक्षा इतकी मोठी झाली की, २०१८ साली मूळ कंपनीने स्वतःचे नाव बदलून बुकिंग होल्डिंग्ज असे ठेवले. युरोपीय आयोगाच्याच म्हणण्यानुसार युरोपातील ऑनलाइन हॉटेल-आरक्षणात या कंपनीचा वाटा ६० टक्क्यांहून अधिक झाला. मुक्त स्पर्धा एकवटीकरणास आणि एकवटीकरण मक्तेदारीस जन्म देते, हा लेनिनने १९१६ साली मांडलेला निष्कर्ष यापेक्षा स्पष्टपणे कोण सिद्ध करू शकेल?

युरोपातील सरकारांनी काहीच केले नाही असे म्हणणे असत्य ठरेल. जर्मनीच्या मक्तेदारी-नियंत्रण कार्यालयाने २०१३ साली एचआरएस या कंपनीची आणि २०१५ साली बुकिंगची ही अट बेकायदा ठरविली. फ्रान्सने २०१५ साली, ऑस्ट्रियाने २०१६ साली आणि इटलीने २०१७ साली कायद्याने ती रद्द केली. सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने बुकिंगला ईट्रॅव्हली ही विमान-आरक्षण कंपनी १६३ कोटी युरोंना गिळंकृत करू दिली नाही. मे २०२४ मध्ये बुकिंगला डिजिटल बाजारपेठ कायद्याखाली 'द्वारपाल' घोषित करून तिच्यावर विशेष बंधने लादण्यात आली. जुलै २०२४ मध्ये स्पेनच्या स्पर्धा आयोगाने तिला ४१ कोटी ३० लाख युरोंहून अधिक दंड ठोठावला.

या यादीवरून सुधारणावादी मंडळी निष्कर्ष काढतात की, मक्तेदारीचा रोग भांडवलशाहीच्या दवाखान्यातच बरा होतो. तारखा मात्र निराळेच सांगतात. जर्मनीत २०१५ चा निर्णय २०१९ साली ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने फिरविला. २०२१ साली वरिष्ठ न्यायालयाने तो पुन्हा उचलून धरला. एका अटीचा निकाल लागण्यास सहा वर्षे लागली, आणि त्या सहा वर्षांत कंपनी वाढतच राहिली. स्पेनचा दंड प्रचंड वाटतो. परंतु २०२३ साली या कंपनीचा महसूल २,१०० कोटी डॉलरहून अधिक होता. म्हणजे तो दंड जेमतेम आठवडाभराच्या महसुलाएवढा भरतो. अट गेली, पण प्रवासी आणि खोली यांच्यामधला रस्ता कोणाच्या मालकीचा, या मूळ प्रश्नाला कोणत्याही नियामकाने हात घातला नाही.

असे असले तरी युरोपचा नियामक निदान उशिरा जागा झाला. भारतात काय घडले? मेकमायट्रिप आणि आयबिबो या दोन मोठ्या स्पर्धकांचे विलीनीकरण जानेवारी २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाच्या संमतीनेच पार पडले. त्याच आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाख आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाख रुपये दंड केला व किंमत-समानतेच्या अटी काढून टाकण्याचा आदेश दिला. आधी वाघाला कळपात शिरण्याचा परवाना द्यावयाचा आणि पावणेसहा वर्षांनी शेळ्या मोजावयास बसावयाचे, असा हा न्याय आहे! दंडाचा वादही पुढे अपिलात गेला. मक्तेदारी होण्यापूर्वीच बंधने घालणाऱ्या डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु बड्या कंपन्यांनी 'नवनिर्मितीचा गळा घोटला जाईल' अशी हाकाटी पिटली आणि वर्ष उलटून गेले तरी त्याचा कायदा झाला नाही. १९६९ चा मक्तेदारी-प्रतिबंधक कायदा मोडीत काढण्यास मात्र कोणाचे हात थरथरले नव्हते.

येथे एक प्रश्न टाळता येणार नाही. लॉजमालक स्वतः मालकच आहे. मग त्याच्या गाऱ्हाण्याशी कष्टकऱ्यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट पगाराशी आहे. कमिशन वाढले म्हणजे छोटा मालक वीजबिल कमी करू शकत नाही, बँकेचा हप्ता कमी करू शकत नाही. तो कमी करतो चादरी धुणाऱ्याची मजुरी आणि रात्रपाळीवरच्या पोऱ्याचा पगार. महादलालाची खंडणी शेवटी त्या दोघांच्या अंगावर पडते, आणि त्यांचे नाव ना करारात असते ना आयोगाच्या आदेशात. म्हणूनच छोट्या मालकाला मक्तेदारीविरुद्ध पाठिंबा देताना त्याच्या कामगारांना किमान वेतन आणि नोंदणी मिळालीच पाहिजे, ही अट कामगार चळवळीने घातली पाहिजे. बिनशर्त पाठिंबा म्हणजे एका शोषकाविरुद्ध दुसऱ्याचे ओझे वाहणे होय.

युरोपचा धडा हा असा दुहेरी आहे. कायद्याने मक्तेदारीला लगाम घालता येतो, हे तेथे सिद्ध झाले. आणि मक्तेदारी पूर्ण वाढल्यावर घातलेला लगाम तिच्या गळ्यातला दागिना ठरतो, हेही तेथेच सिद्ध झाले. म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे : स्पर्धक गिळणारी विलीनीकरणे आधीच रोखा, किंमत-समानतेच्या अटी न्यायालयांच्या भरवशावर न ठेवता कायद्याने रद्द करा, कमिशनवर कमाल मर्यादा घाला, आणि छोट्या लॉजचालकांच्या सहकारी संस्थांना सार्वजनिक मालकीची आरक्षण-व्यवस्था उपलब्ध करून द्या. रेल्वेचे आरक्षण जर सार्वजनिक मालकीच्या यंत्रणेतून होऊ शकते, तर धर्मशाळेच्या आणि लॉजच्या खोलीचे का होऊ शकत नाही? या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानात नाही. ते संघटित लोकशक्तीच्या हाती आहे.