उरलेल्या अर्ध्याचा हिशेब

औषधउद्योगाच्या गोटातून सध्या ‘हरित रसायनशास्त्रा’चे गुणगान ऐकू येते. एंझाइमांच्या साहाय्याने औषधे बनू लागली की प्रदूषणाचा प्रश्न आपोआप मिटेल, मग नियमांचा काच हवा कशाला, असा त्याचा सूर असतो. आशागडसारख्या गावांतून डहाणू रोडला येऊन बोईसरची गाडी पकडणाऱ्या कामगाराने आणि त्याच्यासाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्याने हा दावा तपासून घेतला पाहिजे. हा शास्त्रज्ञांचा विषय आहे, असे म्हणून तो सोडून देणे परवडणारे नाही.

इपॉक्साइड हे औषधनिर्मितीतले एक महत्त्वाचे मधले रसायन. रक्तदाबावरील अनेक औषधे त्यापासून बनतात. साध्या रीतीने ते तयार केले, तर त्याची दोन रूपे निम्मी-निम्मी मिसळून हाती येतात. डाव्या व उजव्या हातासारखी ही रूपे. घडण तीच, पण एकावर दुसरे बसत नाही. शरीराला मात्र हा भेद कळतो. प्रोप्रॅनोलॉलचा रक्तदाबावरील गुण मुख्यतः त्याच्या एकाच रूपात असतो. इपॉक्साइड हायड्रोलेज हे एंझाइम मिश्रणातील एका रूपाचे कडे पाण्याच्या योगे फोडून त्याचे डायॉल बनवते. दुसरे रूप शाबूत राहते व शुद्ध स्वरूपात वेगळे काढता येते.

ही क्रिया बेताच्या तापमानात होते आणि तिला जड धातू लागत नाहीत, हे निःसंशय चांगले. तथापि गणित कोणाला चुकलेले नाही. शंभर किलो मिश्रणातून शुद्ध इपॉक्साइड फार तर पन्नास किलो मिळणार. उरलेल्या अर्ध्याचे डायॉल होते. त्याला गिऱ्हाईक नसेल तर ते सांडपाण्याचा भार वाढवते. कच्चा माल, वीज आणि कामगाराचे श्रम मात्र पूर्ण शंभर किलोंवर खर्च झालेले असतात.

ही नासाडी अटळ आहे काय? मुळीच नाही. फ्रान्समध्ये मार्सेय येथे फ्युर्स्तॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली स्टायरीन ऑक्साइडवर दोन बुरशा एकत्र वापरून दाखविल्या. एक अ‍ॅस्परजिलस नायगर. दुसरी ब्यूव्हेरिया, जिच्या कुळातील बुरशी आपला शेतकरी किडीवर फवारतो. एकीने एक रूप फोडले, दुसरीने दुसरे. पण दोघींकडून बहुतांशी एकाच रूपाचे डायॉल मिळाले, तेही ९२ टक्के. जेथे असे डायॉल उपयोगी पडते, तेथे टाकण्यासारखा अर्धा भाग उरतच नाही. म्हणजे उरलेल्या अर्ध्याचे काय करायचे, हे निसर्ग ठरवीत नाही. कारखानदार नफा-तोटा पाहून ठरवितो.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत अशा नुकसानीला ‘बाह्य परिणाम’ असे निरुपद्रवी नाव आहे. नवापूर-दांडीच्या मच्छीमाराला तो बाह्य नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर हे देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. त्याआधीच मांगेला समाजाच्या परिषदेला हरित लवादाचे दार ठोठवावे लागले होते.

आणि शुद्ध अर्ध्याचे काय? अमेरिकेत ओमेप्राझोलचे पेटंट २००१ साली संपत आले. त्याच वर्षी अ‍ॅस्ट्राझेनेकाने त्याचेच एक रूप एसोमेप्राझोल या नावाने, नव्या पेटंटसह बाजारात आणले. आपल्या पेटंट कायद्यात २००५ साली घातलेल्या कलम ३(डी)च्या स्पष्टीकरणात समघटकांचा उल्लेख आहे. गुणकारकता लक्षणीय वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना पेटंट नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांना हे कलम सलते, ते याचसाठी. शुद्ध अर्ध्याची वाढीव किंमत रुग्णाने द्यायची आणि टाकाऊ अर्ध्याची खाडीने, ही व्यवस्था ‘हरित’ म्हणवून घेण्यास पात्र नाही.

एंझाइमांना आपला विरोध नाही. विरोध आहे तो अर्धवट हिशेबाला. परवाना मागणाऱ्या प्रत्येक कारखान्याने किती माल आत गेला, किती औषध झाले आणि उरलेले कोठे गेले, याचा ताळेबंद मराठीत ग्रामसभेपुढे ठेवलाच पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांत जनतेच्या पैशाने झालेले संशोधन उद्योगांना देताना हीच अट घातली पाहिजे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुक्याला पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून संरक्षण मिळाले. उद्या कोणी ‘हरित’ शब्दाच्या आडून ते सैल करू पाहील, तर कार्यकर्त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारावा: उरलेला अर्धा कोठे टाकणार?