थंडीतले कुरळे केस : ओढू नका, भिजवा



मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली की अंग उलते, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. केसांचेही तसेच होते आणि ज्यांचे केस कुरळे, त्यांचे तर विचारूच नका. सकाळी शाळेची घाई, आईच्या हातात बारीक फणी, लेकीच्या डोळ्यांत पाणी आणि वर "काय मेले हे केस!" हे बोलणे. पोरीला वाटते, आपलेच काही तरी वाईट आहे. तसे मुळीच नाही. या केसांची रीत निराळी आहे, इतकेच.

डोक्याच्या कातडीतून थोडे थोडे तेल पाझरत असते. सरळ केसावरून ते शेंड्यापर्यंत उतरते. कुरळ्या केसाला वळणे फार, म्हणून ते मुळाशीच राहते आणि शेंडे कोरडे पडतात. त्यात थंडीची कोरडी हवा, न्हायला कढत पाणी आणि कापूस वेचताना बसणारी धूळ. असा केस वळणावर तुटतो आणि शेजारच्या केसांत अडकून गुंता होतो.

उपाय घरातच आहेत. आठवड्यातून एकदा न्हाणे पुरे. आदल्या रात्री खोबरेल तेल मुळांना आणि शेंड्यांनाही लावावे. थंडीत ते गोठते. बाटली कोमट पाण्यात ठेवावी, चुलीवर धरू नये. खोबरेल केसाच्या आत शिरते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. न्हाताना होणारी केसांची झीज खोबरेलानेच कमी झालेली दिसली.

न्हायला पाणी कोमट घ्यावे. शिकेकाई रात्री भिजत घालून सकाळी उकळावी व गाळून वापरावी. डोळ्यांत जाऊ देऊ नये. कपड्याचा साबण आणि धुण्याचा सोडा डोक्याला लावू नये. केस खसाखसा न पुसता मऊ जुनेराने टिपून घ्यावेत.

कुरळे केस कोरडे असताना विंचरू नयेत. ओले असतानाच दोन-चार भाग करून, मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी शेंडे सोडवावेत आणि मग हळूहळू वर यावे. रोज सकाळी पाण्याचा हात फिरवून बोटांनी मोकळे केले तरी भागते. उवांसाठी फणी लागलीच, तर गुंता सोडवून, तेल लावल्यावरच फिरवावी. उवांवर रॉकेल कधीही लावू नये. कातडी पोळते आणि चुलीपाशी जिवावर बेतते.

चटणीसाठी ठेवलेले जवसही कामाला येते. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळावे. पाणी बुळबुळीत झाले की गरम असतानाच फडक्यातून गाळावे. निवल्यावर ते गाळले जात नाही. हे ओल्या केसांना चोळले की वळणे नीट बसतात. दोन-तीन दिवसांत संपवावे. रानात जाताना डोक्याला रुमाल बांधावा, रात्री सैल वेणी घालावी.

आता एक महत्त्वाची गोष्ट. बाळंतपण, आजारपण किंवा सुगीच्या धांदलीत केस बरेच दिवस विंचरायचे राहिले, तर गुंता घट्ट होऊन त्याची जट बनते. ती देवीची खूण, कापू नये, असे सांगणारे अजूनही भेटतात. याच समजुतीपायी कित्येक मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या. त्या देवदासी प्रथेला महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने बंदी आहे. जट म्हणजे गुंतलेले केस, धूळ आणि मळ. तिच्यात उवा होतात, ओझ्याने मान दुखते. गुंता कोवळा असेल तर तेलात भिजवून बोटांनी सुटतो. घट्ट जट सरळ कात्रीने कापावी. केस पुन्हा येतात. घरातली वडीलधारी माणसे धजत नसतील, तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना सांगावे. समजूत घालून जट काढून देण्याचे काम ते करीत आले आहेत.

डोक्यावर गोल चट्टा पडून केस गेले, खपल्या धरल्या किंवा पू झाला, तर तेलावर विसंबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

येत्या न्हायच्या दिवशी लेकीला पुढ्यात घ्या, घाई बाजूला ठेवा आणि शेंड्यांपासून सुरुवात करा. पोर रडणार नाही.