इशाऱ्याची अक्षरे कोणासाठी?

भ्रमणध्वनीवर एखादी मालिका सुरू होताना पडद्याच्या कोपऱ्यात 'यू/ए १६+' अशी अक्षरे उमटतात. शेजारी 'हिंसा', 'अपशब्द' असे शब्द दिसतात आणि क्षणात नाहीसे होतात. आपल्यापैकी कितीजण ते वाचतात?

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानविषयक नवे नियम जारी केले. त्यांत इंटरनेटवरील चित्रपट व मालिकांसाठी पाच श्रेणी ठरवण्यात आल्या : 'यू', 'यू/ए ७+', 'यू/ए १३+', 'यू/ए १६+' आणि केवळ प्रौढांसाठी 'ए'. आशयात काय आक्षेपार्ह असू शकेल, हेही आरंभीच सांगावे. 'यू/ए १३+' व त्यावरील श्रेणींसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी. 'ए' श्रेणीसाठी वयाची खातरजमा करावी, असे त्यांत म्हटले आहे. चित्रपटगृहातील चित्रपटाला प्रमाणपत्र मंडळ देते. येथे मात्र श्रेणी ठरवण्याचे काम प्रकाशकावरच सोपवण्यात आले.

'यू/ए' म्हणजे बंदी नव्हे. त्या वयाखालील मुलाने पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावे, एवढाच तिचा अर्थ. म्हणजेच हा इशारा मुलासाठी नसून पालकांसाठी आहे. चित्रपटगृहाच्या दाराशी तिकीट तपासणारा उभा असतो. घरात ती जागा आपली आहे. परंतु मूल कानांत इअरफोन घालून आपल्या खोलीत एकटेच पाहत असेल, तर ती अक्षरे वाचणार कोण? कुमारवयीन मुलाला तर 'ए' हे अक्षर आमंत्रणच वाटण्याचा संभव आहे.

आणखी एक बाब ध्यानात घ्यायला हवी. समाजमाध्यमांवर सामान्य वापरकर्ते जे छोटे व्हिडिओ टाकतात, त्यांना ही श्रेणीव्यवस्था लागू नाही. तेथे इशारा असलाच, तर तो त्या कंपनीच्या स्वतःच्या धोरणानुसार असतो आणि पुष्कळदा एका स्पर्शाने दूर होतो.

२००२ साली व्हॅटिकनने 'ख्रिस्तसभा आणि इंटरनेट' या विषयावरील दस्तऐवजात पालकांना सांगितले होते की, शक्य असेल तेथे गाळणी-तंत्राचा वापर करावा आणि मुलांना देखरेखीविना इंटरनेटवर सोडू नये. तेव्हा घरात एकच संगणक असे; आज प्रत्येकाच्या हाती पडदा आहे. म्हणून ती सूचना आज अधिकच निकडीची झाली आहे.

श्रेणी हव्यातच, त्यांचे पालनही काटेकोर व्हावे. तथापि मुलांसाठी स्वतंत्र प्रोफाइल उघडणे, आपल्या प्रोफाइलला पिन लावणे आणि मुलाने काय पाहिले याविषयी न रागावता त्याच्याशी बोलणे, ही कामे कोणताही नियम आपल्यासाठी करणार नाही. आज सायंकाळी घरातील एका तरी पडद्यापासून आपण आरंभ करूया.