तोंडी दिलेला शब्द

जगांतील बहुतेक व्यवहार कागदावर चालत नसून विश्वासावर चालतात. आपल्या पेणच्या मूर्तिकारांचेंच उदाहरण घ्या. पेण शहरांत, तसेंच हमरापूर व जोहें ह्या गांवीं, गणेशमूर्तींचे जे कारखाने आहेत, तेथें चतुर्थीच्या कित्येक महिने आधीं मूर्ति सांगून ठेवण्यांत येते. गिऱ्हाईक मूर्ति पसंत करतें, थोडाफार विसार देतें, आणि कारखानदारानें 'हो' म्हटलें कीं निश्चिंत मनानें घरीं जातें. आतां कल्पना करा कीं, एखाद्या कारखानदारानें अगदीं आदल्या दिवशीं तीच मूर्ति अधिक पैसे देणाऱ्यास विकली आणि पहिल्या गिऱ्हाइकास 'तुमचा विसार परत घ्या' असें सांगितलें. हिशेबाच्या वहींत कोणाचें देणें राहिलें नाहीं हें खरें. परंतु त्या गिऱ्हाइकाची हानि भरून निघाली काय? मुळींच नाहीं. ज्या महिन्यांत त्यास दुसरीकडे मूर्ति मिळाली असती, ते महिने त्यानें ह्या एका शब्दावर विसंबून घालविले. शब्द मोडण्यांतील खरा अन्याय येथें आहे. शब्द मोडणारा केवळ आपली वस्तु परत घेत नाहीं. दुसऱ्याचा गेलेला वेळ आणि बंद झालेल्या वाटा ह्यांचाही तो ऋणी होतो.

विद्यार्थ्यांना तोंडी दिलेल्या शिष्यवृत्तीच्या वचनासंबंधीं विचार करतांना ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. ह्या प्रश्नाचा सर्वांत मोठा देखावा अमेरिकेंत पाहावयास मिळतो. तेथें फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात, तो आपल्याकडील पायानें खेळावयाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातांत घेऊन धावणें व प्रतिपक्षास अडविणें हें त्यांतील मुख्य काम. विद्यापीठांचे सामने पाहण्यास तेथें एवढी गर्दी लोटते कीं, मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणांत एक लाखांहून अधिक प्रेक्षक बसतात. संघ बलवान् व्हावा म्हणून प्रत्येक विद्यापीठाचा क्रीडाशिक्षक गांवोगांवच्या शाळांतून चांगले खेळाडू हेरतो आणि त्यांना शिष्यवृत्ति देऊं करतो. गरीब घरच्या मुलास ही शिष्यवृत्ति म्हणजे उच्च शिक्षणाचें एकमेव दार असतें.

परंतु ह्या व्यवहारांत एक मोठी फट आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभापर्यंत लेखी देकार देण्यास तेथील नियमांनीं मनाई आहे. तोंडी देकारास मात्र आडकाठी नाहीं. त्यामुळें क्रीडाशिक्षक मुलांना लहान वयांतच शब्द देतात व त्यांच्याकडून शब्द घेतात. २०१० सालीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठानें अवघ्या १३ वर्षांच्या मुलास अशी शिष्यवृत्ति देऊं केली, व त्यानें ती स्वीकारल्याचें जाहीरही झालें. पुढें २०१३ सालीं तेथील क्रीडाशिक्षकास काढून टाकण्यांत आलें, आणि तो मुलगा अखेर निराळ्याच विद्यापीठांत गेला. १९६४ पासून २०२४ पर्यंत 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नांवाचें एक पत्र प्रचारांत होतें. त्यावर सही होईपर्यंत दोन्ही पक्षांपैकीं कोणीही कायद्यानें बांधलेला नसे.

अनेक वर्षें एका संघास जास्तींत जास्त ८५ शिष्यवृत्ति देतां येत. कांहीं मुलें ऐन वेळीं दुसरीकडे जातील असा अंदाज बांधून शिक्षक जागांपेक्षां अधिक शब्द वांटीत. अंदाज चुकला व सर्वच मुलें आलीं, कीं कोणाला तरी वगळणें प्राप्त होई. आणि वगळला जाई तो बहुधा ज्याचा पाय दुखावला आहे, किंवा ज्याच्याहून सरस असा दुसरा मुलगा मागाहून सांपडला आहे, असाच विद्यार्थी. २०१६ सालीं मिशिगन विद्यापीठानें, दोन वर्षांहून अधिक काळ तेथेंच जाण्याचा निश्चय जाहीर केलेल्या एका विद्यार्थ्यास, सहीचा दिवस अगदीं जवळ आला असतां, आतां जागा नाहीं असें कळविलें. त्यास पुढें ओक्लाहोमा विद्यापीठांत स्थान मिळालें. पण सर्वांचेंच दैव असें बलवत्तर नसतें.

ह्याहून मोठा प्रसंग २०२५ सालीं घडला. महाविद्यालयीन खेळाडूंना मोबदला देण्यासंबंधींच्या एका मोठ्या दाव्यांत तडजोड झाली. तींत शिष्यवृत्तींची जुनी मर्यादा उठवून फुटबॉल संघांत १०५ हून अधिक खेळाडू नसावेत असें ठरलें. न्यायालयाची संमति येण्यापूर्वींच अनेक विद्यापीठांनीं नांवें कमी करण्यास प्रारंभ केला, व ज्यांना जागेचें आश्वासन मिळालें होतें अशा शाळकरी मुलांवरही गदा आली. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन ह्यांनीं एप्रिलमध्यें त्या तडजोडीस मान्यता देण्याचें नाकारलें आणि ह्या मुलांची सोय पाहा असें बजाविलें. तेव्हां अशा खेळाडूंची गणना मर्यादेंत करूं नये अशी दुरुस्ती झाली, व ६ जून २०२५ रोजीं मान्यता मिळाली. तथापि त्यांना परत घेतलेंच पाहिजे असें बंधन विद्यापीठांवर पडलें नाहीं. दार उघडलें, पण आंत घेण्याची सक्ति राहिली नाहीं.

क्रीडाशिक्षकांच्या बाजूनेंही कांहीं बोलण्यासारखें आहे, तें न्यायबुद्धीनें ऐकलें पाहिजे. ते म्हणतात, 'मुलेंही शब्द मोडतात. आज आमच्याकडे येतों म्हणतात, उद्यां अधिक नामांकित विद्यापीठानें बोलाविलें कीं तिकडे जातात. मग आम्हींच तेवढें बांधून कां घ्यावें?' हें म्हणणें सकृद्दर्शनीं रास्त वाटतें. परंतु तराजूच्या दोन पारड्यांत काय आहे तें पाहा. मुलगा निघून गेला तर विद्यापीठाचा शेंकडों उमेदवारांपैकीं एक कमी होतो. विद्यापीठानें शब्द मोडला तर मुलाचें सर्वस्वच जातें. एका बाजूस पगारी, अनुभवी, प्रौढ मनुष्य. दुसऱ्या बाजूस पंधरा-सोळा वर्षांचा पोर. जेथें सामर्थ्य अधिक, तेथें जबाबदारीही अधिक, हा नियम घरांत बापास लागू आहे, शाळेंत शिक्षकास लागू आहे, तो शिष्यवृत्ति देणारासही लागू झाला पाहिजे. म्हणून मुलांची चंचलता ही मोठ्यांच्या वचनभंगाची सबब होऊं शकत नाहीं.

प्रभु येशूनें दोन मुलगे असलेल्या एका मनुष्याचा दृष्टान्त सांगितला आहे. बापानें द्राक्षमळ्यांत काम करावयास जा असें म्हटल्यावर एकानें नाहीं म्हटलें, पण पस्तावून तो गेला; दुसऱ्यानें मोठ्या आदरानें होकार दिला, पण तो गेलाच नाहीं. बापाची इच्छा कोणी पूर्ण केली, हें श्रोत्यांस सहज समजलें. त्याच प्रभूनें असेंही विचारिलें आहे कीं, बुरूज बांधूं पाहणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करणार नाहीं काय? शिष्यवृत्तीच्या बाबतींत ह्या दोन्ही शिकवणी एकत्र लागू पडतात. हिशेब आधीं करावा; जागा नसेल तर प्रथमच नाहीं म्हणावें. प्रामाणिक नकारानें मूल एक दिवस रडतें, खोट्या होकारानें त्याचीं वर्षें फुकट जातात.

हा केवळ परदेशचा प्रश्न आहे असें कोणी समजूं नये. २०२५ च्या जुलै महिन्यांत भारत सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठीं १०६ उमेदवार निवडले गेले. त्यांपैकीं केवळ ४० जणांस त्या वेळीं तात्पुरतीं पत्रें मिळालीं, व उरलेल्यांना पैसा उपलब्ध झाल्यास पत्रें देऊं असें सांगण्यांत आलें. परदेशच्या विद्यापीठांत प्रवेशाचा दिवस जवळ येत असतां 'पैसा उपलब्ध झाल्यास' हे शब्द ऐकणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनाची स्थिति काय झाली असेल, ह्याची कल्पना प्रत्येक पालकास करतां येईल.

उलट, शब्दाचें मोल जाणणारीं माणसेंही आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेलीं. खाशाबा जाधव ह्या मल्लास १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जावयाचें होतें, पण पैसा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, आणि खाशाबांनीं स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्यपदक, मिळविलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांना सयाजीराव महाराज गायकवाड ह्यांनीं १९१३ सालीं अमेरिकेंत शिकण्यासाठीं शिष्यवृत्ति दिली. तिची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. परंतु चार वर्षांच्या आंत पुन्हां येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा लंडन विद्यापीठानें त्यांना दिली. १९२० सालीं ते परत गेले, व १९२३ सालीं त्याच विद्यापीठाची डी. एस्‌सी. पदवी त्यांस मिळाली. संस्थेनें दार उघडें ठेवलें म्हणजे काय घडूं शकतें, ह्याचें ह्याहून मोठें उदाहरण कोणतें?

आपल्या रोह्याशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, ते चिंतामणराव देशमुख १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले व त्यांना जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ति मिळाली. ती कोणाच्या मर्जीवर नव्हती, गुणांवर होती. जेथें नियम आधीं जाहीर असतो, तेथें शब्द फिरविण्यास जागाच उरत नाहीं. पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं १८९५ सालीं जन्मलेल्या विनोबा भावे ह्यांची भूदान चळवळही येथें आठवते. १९५१ सालीं पोचमपल्लीस एका जमीनदारानें उठून १०० एकर देण्याचा शब्द दिला, व तेथून चळवळ देशभर पसरली. पुढें लाखों एकर जमीन दान म्हणून जाहीर झाली. पण तींतील पुष्कळशी भूमिहीनांच्या हातीं कधींच पडली नाहीं. दान जाहीर करणें सोपें. तें पोंचविणें हीच खरी कसोटी.

कायद्याचा आधार किती आहे, हेंही पालकांनीं जाणून असावें. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणें तोंडी करारही करार होऊं शकतो. मात्र तो सिद्ध करणें कठीण, आणि १८ वर्षांखालील मुलाशीं केलेला करार कायद्यास मान्य नाहीं. तथापि १९७८ च्या डिसेंबरांत मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें, सरकारच्या आश्वासनावर विसंबून ज्यानें आपली स्थिति बदलली, त्याच्याशीं सरकारास तें आश्वासन पाळावेंच लागेल, असें तत्त्व सांगितलें. कारखान्यास जो न्याय मिळाला, तो विद्यार्थ्यासही मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

आपला जिल्हा कबड्डीचा जिल्हा आहे. पेण-रोह्याच्या खेड्यांतील चपळ मुलास मुंबई-पुण्याकडील एखाद्या महाविद्यालयानें वा संघानें, 'तूं आमच्याकडे ये, फी व वसतिगृह आमच्याकडे लागलें,' असें सांगितलें, तर घरच्यांस आनंद होणारच. तो आनंद जरूर मानावा. पण पालकांनीं नम्रपणें तीन गोष्टी विचाराव्या: हा शब्द देण्याचा अधिकार आपणांस आहे काय, मुलगा जायबंदी झाल्यास काय होईल, आणि हें सर्व कागदावर केव्हां मिळेल. कागद हातीं येईपर्यंत दुसरा अर्ज मागें घेऊं नये, व अभ्यास तर कधींच सोडूं नये. विद्यार्थ्यांनींही ध्यानांत ठेवावें कीं, दोन ठिकाणीं होकार देऊन एक जागा अडवून ठेवणें हा दुसऱ्या गरीब मुलावर केलेला अन्याय आहे. बेत बदलला तर त्याच दिवशीं कळवावें.

आणि जे शिष्यवृत्ति देतात त्यांना एवढेंच सांगणें आहे: जागा जितक्या, शब्द तितकेच द्या. अटी आधीं सांगा. कांहीं अपरिहार्य कारणानें शब्द मागें घेणें भागच पडलें, तर तें लवकर करा, आणि त्या मुलाचें वर्ष वांचविण्याची जबाबदारी स्वतःची माना. मुलाचा मोठ्यांच्या बोलण्यावरील विश्वास एकदां उडाला, तर तो परत आणणें कोणत्याही शिष्यवृत्तीस साधणार नाहीं.