बोटीवरची बाटली

पावसाळा सरून समुद्र निवळला की मुरगाव बंदरात सहलीच्या जहाजांची ये-जा सुरू होते. सकाळी धक्क्यावर उतरलेले प्रवासी जुन्या गोव्यातील चर्च व फोंड्याकडील देवळे पाहून, पणजीच्या बाजारात एक फेरफटका मारून संध्याकाळी जहाजावर परततात, तेव्हा त्यांतील काहींच्या पिशवीत काजूगरांच्या पुड्याशेजारी फेणीची एखादी बाटली असते. जहाजाच्या शिडीपाशी पिशवी क्ष-किरण यंत्राखालून जाते, बाटली बाजूला काढली जाते, तिला खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधली जाते आणि ‘सफर संपल्यावर मिळेल’ असे सांगण्यात येते. कोणी निमूटपणे पुढे जातो, कोणी हुज्जत घालतो. पैसे आमचे, बाटली आमची आणि पिणारेही आम्ही. मग जहाजाच्या मालकाचे काय बिघडते, हा त्याचा सवाल असतो.

वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. दारूच्या एका बाटलीवर वृत्तपत्राने अग्रलेख खर्ची घालावा काय, असेही कोणी विचारील. परंतु ज्या भूमीतील कितीतरी घरांच्या चुली पिढ्यान्‌पिढ्या बोटीवरच्या पगारावर पेटत आल्या आणि जिच्या बंदरात ही जहाजे लागतात, त्या गोव्याने या प्रश्नाकडे पाठ फिरवून चालणार नाही. त्या बाटलीत प्रवाशाचा हक्क गुंतलेला आहे, कंपनीचा नफा गुंतलेला आहे आणि या दोहोंच्या कात्रीत सापडलेला आमचा तारवटी आहे.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. मोठ्या अमेरिकी कंपन्यांची सर्वसाधारण रीत अशी की, प्रवासाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक प्रौढ प्रवाशाने ७५० मिलिलीटर वाइनची एक बंद बाटली सोबत आणावी. तीही तो २१ वर्षांचा असेल तर. ती भोजनगृहात उघडावयाची झाल्यास बूच काढण्याबद्दल निराळा आकार पडतो. व्हिस्की, रम, जिन यांसारख्या कडक दारूला मज्जाव असतो. वाटेतल्या बंदरात घेतलेल्या बाटल्या जहाजाच्या ताब्यात राहतात आणि शेवटच्या दिवशी परत मिळतात. लपवून आणलेली दारू सापडली तर ती जप्त होते.

नियम आला की पळवाटही येतेच. तोंड धुण्याच्या औषधाच्या बाटलीत रंग देऊन भरलेली जिन, उन्हाच्या मलमाच्या नळीत दडवलेली व्होडका, दुर्बिणीच्या आकाराची सुरई अशा वस्तूंचा परदेशात एक स्वतंत्र बाजारच उभा राहिला आहे. पाण्याच्या बाटलीत पाण्यासारखी दिसणारी दारू येऊ लागली, तेव्हा कार्निव्हल कंपनीने २०१५ मध्ये प्रवाशांनी बाटलीबंद पाणी आणण्यावरही बंदी घातली. दारूपायी पाण्यालाही झडती द्यावी लागली!

आमच्या जुन्या वाचकांना हा लपंडाव अपरिचित नाही. मुंबई आणि पणजीच्या दरम्यान कोकण सेवक, कोकण शक्ती या आगबोटी धावत, त्या काळी मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा होता आणि इकडे गोव्यात दारू मुबलक व स्वस्त. वळकटीच्या घडीत किंवा फणसाच्या करंडीत दडवलेल्या बाटलीच्या गोष्टी अजूनही कोकणी घरांत रंगवून सांगितल्या जातात. तो कायदा महाराष्ट्रात नाव बदलून आजही आहे आणि गोव्याबाहेर दारू नेण्यास आजही अबकारी खात्याचा परवाना लागतो. फरक इतकाच पडला की, तेव्हाचा प्रवासी बाटली सरकारपासून लपवीत होता. आजचा प्रवासी ती दुकानदारापासून लपवितो. सरकारच्या झडतीमागे निदान एक धोरण होते, मग ते कोणाला पटो वा न पटो. दुकानदाराच्या झडतीमागे काय आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

समुद्रावरच्या दारूचा कायद्याशी झगडा जुनाच आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात संपूर्ण दारूबंदी होती. परदेशी जहाजांनी मोहोरबंद साठादेखील अमेरिकेच्या सागरी हद्दीत आणता कामा नये, मात्र त्या हद्दीबाहेर अमेरिकी जहाजांना दारूबंदीचा कायदा लागू नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये दिला. पुढल्याच वर्षी ब्रिटनशी करार होऊन मोहोरबंद साठ्याला मुभा मिळाली. कोठेही न जाता केवळ हद्द ओलांडून पिण्यासाठी निघणाऱ्या सफरी याच काळात न्यूयॉर्कहून सुटू लागल्या. आजच्या सहल-व्यवसायाच्या पूर्वजांत या तहानलेल्या सफरींचीही गणना करावी लागते. तेव्हा या धंद्याने दारूच्या बाबतीत सोवळेपणाचा आव आणणे तितकेसे शोभत नाही.

असे असले तरी, जहाजावर दारूचे माप जहाजानेच ठरवावे हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. ब्रिटिश आरमाराने आपल्या नाविकांना शतकानुशतके रम वाटली. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्नन यांनी अर्धा पिंट रममध्ये चौपट पाणी घालून ती दिवसातून दोन वेळा वाटण्याचा हुकूम काढला, तो माणसे झिंगून निकामी होऊ नयेत म्हणूनच. अखेर ३१ जुलै १९७० रोजी तो रतीब कायमचा बंद झाला. तोवर जहाजे वाफेची झाली होती, यंत्रे गुंतागुंतीची झाली होती आणि डुलणाऱ्या हाताला तेथे जागा उरली नव्हती.

जहाज म्हणजे हॉटेल नव्हे, हे प्रवासी विसरतो. हॉटेलात भांडण झाले तर पोलीस येतात, आग लागली तर अग्निशामक बंब येतो आणि काहीच जमले नाही तर माणूस दार उघडून रस्त्यावर जातो. भर समुद्रात दाराबाहेर पाणी असते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्यालगत कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटले. त्यावरील चार हजारांहून अधिक माणसांना अंधारात, कलत्या जहाजावरून उतरवावे लागले आणि ३२ जण प्राणास मुकले. त्या दुर्घटनेचे कारण प्रवाशांची दारू मुळीच नव्हती. परंतु अशी वेळ आलीच तर प्रत्येक प्रवाशाला आपल्या पायांनी चालत जीवरक्षक होडीपर्यंत पोहोचता आले पाहिजे, हा तिचा धडा आहे. खोलीचे दार लावून कोण किती पितो आहे याचा थांगपत्ता कप्तानाला नसेल, तर त्याने जबाबदारी घ्यावी तरी कशी?

आणि ही जबाबदारी प्रत्यक्षात निभावणारा कोण असतो? तो असतो सासष्टीतला किंवा बार्देशातला एखादा तरुण, पांढरा सदरा घालून मध्यरात्रीपर्यंत उभा असलेला. झिंगलेल्या पाहुण्याची शिवी तोच ऐकतो, त्याला खोलीपर्यंत तोच पोहोचवितो आणि सकाळी ओकारी पुसावयाची ती त्याच्याच सोबत्याने. जहाजावर सुरक्षेची कामे ज्यांच्याकडे सोपविलेली असतात, त्यांच्या रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा दंडक नाविकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१० च्या मनिला दुरुस्तीने घातला आहे. तो मोडणाऱ्याची नोकरी धोक्यात येते आणि तिच्याबरोबर गावाकडे अर्धवट बांधलेले घरही. अशा माणसाने सांभाळावयाच्या जहाजावर प्रवाशाने चोरून बाटल्या न्याव्यात आणि त्याला स्वातंत्र्य म्हणावे, हे आम्हांस पटत नाही. कडक दारू खोलीत नेण्यावरची बंदी आम्ही योग्य समजतो.

परंतु येथे आमची सहमती संपते. बंदीचे कारण सुरक्षा हे असेल, तर ते कारण जहाजावरच्या बारलाही लागू झाले पाहिजे. तसे होताना दिसते काय? रॉयल कॅरिबियन या बलाढ्य कंपनीच्या वार्षिक अहवालांत एकूण महसुलाचा सुमारे ३० टक्के भाग तिकिटाबाहेरचा, म्हणजे जहाजावर प्रवाशाने केलेल्या खर्चाचा असतो. बार, जुगारघर, किनाऱ्यावरच्या सहली यांचा त्यात समावेश होतो. तिकीट स्वस्त ठेवावे आणि माणूस एकदा आत आला की पेल्यापेल्यातून वसुली करावी, असा हा हिशेब आहे. त्यासाठी दिवसाच्या ठरावीक दराने हवी तितकी पेये देणाऱ्या योजना विकल्या जातात. कार्निव्हलच्या अशा योजनेत २४ तासांत मद्याच्या १५ पेयांची मर्यादा आहे. पंधरा! शिवाय एकाने ही योजना घेतली तर त्याच खोलीतील इतर प्रौढांनीही ती घ्यावी, अशी अट असते. एकदा पैसे आगाऊ भरले की ते वसूल करण्याची ओढ माणसाला लागते. पंगतीत जेवणाचे ताट आधी विकत घेतले तर पोट भरल्यावरही हात थांबत नाही, तसेच हे आहे.

ज्या कंपनीला प्रवाशाच्या पिशवीतील एका बाटलीत धोका दिसतो, तिला आपल्या बारमधील पंधराव्या पेल्यात तो दिसू नये, याचे नवल वाटते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असा हा प्रकार आहे. आरमारानेही दारू मोजूनच दिली आणि या कंपन्याही मोजूनच देतात. पण आरमाराने माप हाती घेतले ते कमी पाजण्यासाठी, यांनी ते हाती घेतले आहे अधिक विकण्यासाठी. बाटली जहाजाची असली म्हणून झिंग निराळी चढत नाही. प्रवाशाला नशा येईपर्यंत दारू पुरविणारी जहाज कंपनी त्याला झालेल्या दुखापतीबद्दल उत्तरदायी ठरू शकते, असे फ्लॉरिडाच्या एका अपील न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले. तो प्रवासी जहाजावरच्या बारमधून धडपडत निघाला आणि जिन्यावरून कोसळला होता. त्याने कोणतीही बाटली घरून आणलेली नव्हती.

आमच्या किनाऱ्यावर हा व्यवसाय अजून बाल्यावस्थेत आहे. मुंबई-गोवा मार्गावर सहलीची जहाजे धावू लागली, बंदरांतून नवी प्रवासी स्थानके उभी राहत आहेत. रीतिभाती घट्ट होण्यापूर्वीच त्या नीट घालून देण्याची ही वेळ आहे. म्हणून काही गोष्टी आम्ही सुचवू इच्छितो.

पहिली गोष्ट, दारूविषयीचा नियम तिकीट देतानाच प्रवाशाच्या भाषेत, ठळक अक्षरांत सांगितला जावा. बारीक टाइपात छापलेल्या इंग्रजी करारनाम्याच्या विसाव्या पानावर तो दडवून ठेवावयाचा आणि शिडीपाशी प्रवाशाला चोर ठरवावयाचे, हे सभ्यतेला धरून नाही. दुसरी गोष्ट, ताब्यात घेतलेल्या प्रत्येक बाटलीची पावती द्यावी आणि ती न फोडता परत करावी. १६ वर्षांपेक्षा अधिक काळ काजूफेणीला भौगोलिक मानांकन आहे. ते २००९ मध्ये मिळाले. २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला वारसापेयाचा दर्जा दिला. पेडणे ते काणकोण भाटी लावणाऱ्या माणसाची ती वर्षाची कमाई आहे. पाहुणा ती घरी भेट म्हणून नेत असेल, तर तिला चोरीच्या मालासारखी वागणूक मिळू नये. घेताना अबकारी परवाना घ्यावा लागतो, हे त्याला विक्रेत्याने तेथेच सांगावे, म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर त्याची फजिती होणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ‘हवी तितकी प्या’ असल्या योजनांना आमच्या बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांवर थारा मिळू नये आणि पुरे झाले असे वाटताच पेला नाकारण्याचा अधिकार बारमागच्या कर्मचाऱ्याला निर्विवादपणे असावा. तो वापरल्याबद्दल प्रवाशाने तक्रार केली तर वरिष्ठांनी कर्मचाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे. आज विक्री वाढली तर शाबासकी आणि नकार दिला तर जाब, अशा स्थितीत तो नाकारण्याचे धैर्य आणील कोठून?

प्रवाशालाही आमचे एक सांगणे आहे. चार दिवसांच्या सफरीत औषधाच्या बाटलीतून दारू नेण्याची कसरत करण्यापेक्षा, पहाटे उठून कठड्यापाशी उभे राहावे. विजयदुर्ग, देवगड, मालवण हा सारा किनारा अंधुक प्रकाशात उजवीडावीकडे सरकताना दिसेल. आगबोटीच्या डेकवर चटई पसरून झोपणाऱ्या आपल्या आजोबांनी तो पाहिला होता आणि त्यासाठी त्यांना वेगळा आकार पडला नव्हता.

नियम पाळण्याचे कर्तव्य प्रवाशाचे आहेच. पण जो नियम बाटली कोणाची हे पाहून बदलतो, त्याला सुरक्षेचा नियम म्हणता येत नाही. तो मक्तेदारीचा नियम होतो. कंपन्यांनी प्रवाशाची पिशवी खुशाल तपासावी. त्याआधी एकदा आपला गल्लाही तपासून पाहावा.