पोच नसलेले मालक

मराठीत ‘पोच’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. टपाल मिळाल्याची खूण ती पोच आणि प्रसंग ओळखून वागण्याची समज तीही पोच. ‘त्याला पोच नाही’ असे आपण म्हणतो ते दुसऱ्या अर्थाने. नोकरीचे अर्ज ऑनलाइन भरून घेऊन मौन धारण करणाऱ्या मालकांना हे दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

खानापूर तालुक्यातील एक तरुण मध्यंतरी आमच्याकडे आला. मराठी माध्यमातून एसएसएलसी, पुढे आयटीआयचा टर्नर. पुणे, कोल्हापूर, गोव्यातील वेर्णा येथे मिळून त्याने एकतीस अर्ज भरले होते. माणसाने लिहिलेले उत्तर एकही नाही. यंत्राची एक ओळ तेवढी प्रत्येक वेळी आली: अर्ज मिळाला, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. जुन्या पोचपावतीवर निदान कोणाची तरी सही असे!

मालकांचा बचाव ठरलेला आहे. अर्जांचे ढीग येतात, प्रत्येकाला कसे कळवायचे? आम्ही विचारतो, जे यंत्र हजार अर्ज स्वीकारते त्याला हजार नकार पाठवता येत नाहीत काय? वाटाण्याच्या अक्षताच लावायच्या असतील तर लावा. मुलगा दुसरे दार तरी ठोठावील.

परंतु सीमाभागातील अर्जदारासाठी हे मौन केवळ असभ्यपणाचे नाही. आमच्या मुलांची कागदपत्रे एका राज्याची आणि अर्जाचा नमुना दुसऱ्या राज्याच्या सवयीने बनलेला. एसएसएलसीची परीक्षा ६२५ गुणांची. मंडळाच्या यादीत कर्नाटकाचे नाव नसले की मुलगा ‘इतर’ निवडतो आणि पुढचा रकाना अडतो. शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, आधारकार्डावर संपूर्ण नाव व आडनाव. गावाचे तर विचारूच नका. १ नोव्हेंबर २०१४ रोजी, म्हणजे आम्ही काळा दिवस पाळतो नेमक्या त्याच तारखेला, ‘बेलगाम’चे अधिकृत ‘बेळगावी’ झाले. जुन्या कागदावर एक नाव, नव्यावर दुसरे, आणि मुलाच्या तोंडी बेळगाव. यंत्राच्या लेखी ही तीन गावे ठरली तर नवल नाही. अर्ज यातल्या कशामुळे बाजूला पडला, की मुलगाच कामाला कमी होता, हे त्याला कोण सांगणार? कारण न कळल्यामुळे तो तीच चूक बत्तिसाव्या अर्जात पुन्हा करतो.

सरकारी भरतीत महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या रहिवाशांसाठी वेगळ्या दाखल्याची सोय आहे. ती मिळवायला खेटे घालावे लागतात, तो विषय निराळा. पण आपण कोठे अडलो हे तेथे निदान विचारता येते. खासगी कारखान्याच्या संगणकाला खिडकीच नाही.

आमच्या मुलांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. टर्नरने लेखापालाच्या जागेसाठी अर्ज करू नये. कोणाची तरी इंग्रजी नक्कल चाळीस ठिकाणी चिकटवू नये. एका अर्जात तर आधीच्या कंपनीचे नाव तसेच राहिले होते. नावातील फरक अर्जाच्या पहिल्याच ओळीत मराठीत व इंग्रजीत स्वच्छ लिहावा. आठ दिवसांत उत्तर न आल्यास कारखान्याच्या कार्यालयात दूरध्वनी करून अर्जाचा क्रमांक सांगावा. यात लाचारी नाही. आमच्याकडे आलेल्या त्या तरुणाने असे तीन ठिकाणी केले, तेव्हा एका ठिकाणी त्याचा अर्ज उघडलाच नव्हता असे कळले.

मालकांकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. अर्जासोबत माणसाचे नाव व दूरध्वनी द्यावा. जागा भरली की जाहिरात त्याच दिवशी काढावी. पंधरा दिवसांत होकार, नकार किंवा ‘विचार चालू आहे’ एवढे कळवावे, आणि कागदांत तफावत असेल तर ती दाखवून द्यावी. सुरुवात मराठी उद्योजकांनी करावी, कारण मराठी माणसाला नोकरी मिळत नाही ही खंत व्यासपीठावरून तेच अधिक बोलून दाखवतात.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी येथील साहित्य संमेलनांत सीमाप्रश्नाचा ठराव होतो आणि तो व्हायलाच हवा. यंदा त्याच्या शेजारी पोचेचा ठराव ठेवावा, असे पत्र आम्ही संयोजकांना पाठवत आहोत. त्यांच्या उत्तराची वाट पाहू.