दरजा सिमेंटने भरू नका



‘जुन्या वाड्यांच्या विटांमधल्या दरजा सरळ सिमेंटने भराव्यात, चुना कच्चा पडतो’ हे गेल्या अंकातील पत्रातले मत मुळीच पटले नाही. दरज विटेपेक्षा कच्चीच हवी. भिंतीत मुरलेले पाणी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडते. ती सिमेंटने बुजवली की ओल विटेतून वाट काढते, क्षार विटेत साठतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. अशा भिंतीवर बोट फिरवून पाहा: सिमेंटची रेघ जशीच्या तशी, आणि शेजारच्या विटेची लाल पूड हाताला लागते! दरज झिजली तर पुन्हा भरता येते. वीट गेली की गेली.

पेशव्यांच्या शनिवारवाड्याच्या तटाचा वरचा भाग विटांचाच आहे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४चे, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरचे. तेव्हा ‘सिमेंटशिवाय भिंत टिकत नाही’ हे म्हणणे कोणाला पटावे?

चुन्याला वेळ लागतो, हे मात्र मान्य. दरज ग्राइंडरने नव्हे, छिन्नीने हलक्या हाताने, रुंदीच्या दुपटीइतकी खोल कोरायची. ती पाण्याने भिजवून चुना-वाळूचा माल दाबून भरायचा आणि काही दिवस ओले गोणपाट टाकून ठेवायचे. हे न करता ‘चुना पडला’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

वाडेमालकांना विनंती एवढीच, की ठेकेदाराने सिमेंटची गोणी फोडण्याआधी हातभर जागेत चुन्याचा नमुना करून घ्यावा.

— एक वाचक, पुणे